नैऋत्येच्या मालकिणीचं लेकरू

फोनवर नाव नैऋतचं आलं आणि आवाज वहिनींचा. एवढ्यावरच कळायचं ते कळलं. सकाळचे नऊ वाजले असतील. मी ओट्यावर बसून दाढी करत होतो, अर्ध्या गालाला साबण तसाच. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही या." मी "आलो" म्हणालो, फोन ठेवला आणि राहिलेली दाढी पुरी केली. माझी सून अजून मला त्यावरून बोलते, की दोस्त गेल्याचं कळल्यावर माणूस दाढी करत बसतो का. तिला काय सांगायचं... दाढी संपली की निघावं लागणार होतं, आणि मला एवढ्यात तिथं पोचायचं नव्हतं.

मी दगडू. मुकुंदवाडीत जुन्या माणसांना विचारा, निम्म्या गल्लीच्या भिंती माझ्या हातच्या आहेत. शाळा तिसरीपर्यंत. तिसरी पास नव्हे, तिसरीत होतो. हा मजकूर माझा आहे, नातीनं वेलांट्या बघितल्या, बाकी कशाला हात लावू दिला नाही. नैऋत माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा, तरी मला "ए दगड्या" म्हणायचा आणि मी त्याला "नैऱ्या". त्याच्यावर लिहायला त्याच्या हापिसातली शिकलेली माणसं होती. पण त्याला ते नाव का ठेवलं, हे त्याची आई गेल्यावर या जगात फक्त मला ठाऊक होतं. त्याला ते जन्मभर हवं होतं. त्यानं मला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी सांगितलं नाही. म्हणून लिहायचं माझ्याकडं आलं.

आमचं गाव फर्दापूरकडचं, घाटाच्या अंगाला. पलीकडं खानदेश, म्हणजे तेव्हाचा इंग्रजी मुलूख, आणि अलीकडं निजामाचं राज्य. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं आणि गावातलं दप्तर उर्दूतून मराठीत आणायला सरकारनं एक कारकून धाडला. त्यांचं नाव विनायकराव. उंच, गोरे, काखेत छत्री. बरोबर बायको, तिला सगळं गाव माई म्हणायला लागलं. त्या आल्या तेव्हा दिवसांत होत्या. काही महिन्यांत पोरगं झालं. बारशाला विनायकरावांची बहीण जालन्याहून आली होती. नाव आत्यानं ठेवायचं, बाळाच्या कानात कुर्र करून सांगायचं, ही रीत. आत्या पाळण्याशी वाकली, भावानं नाव सांगितलं, आणि ती ताठ झाली. "असलं नाव मी घेणार नाही," म्हणाली. "राक्षसाचं नाव लेकराच्या कानात घालू?" विनायकराव म्हणाले, "हेच ठेवायचं." आत्या ओसरीवर जाऊन बसली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तेव्हा माझी आई, जी त्या घरी शेणानं सारवायला यायची, ती हात धुऊन पुढं झाली आणि म्हणाली, "दादा, मला सांगा कसं म्हणायचं ते. मी म्हणते." तिला ते नाव नीट वळलं नाही. विनायकरावांनी तिच्याकडून तीन वेळा घोकून घेतलं आणि मग तिनं ते बाळाच्या कानात सांगितलं. हे मला आईनं शंभर वेळा सांगितलंय, कारण बामणाच्या पोराचं बारसं आपण केलं याचा तिला लई अभिमान होता.

वर्ष भरायच्या आत विनायकराव तापानं गेले. झालं. गावाला बोलायला मिळालं. राक्षसाचं नाव ठेवलं, पोरगं बापाला खाऊन बसलं. माईच्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण विहिरीवर बोलायचे, आणि पोरगं चालायला लागल्यावर त्याच्या देखतही बोलायचे, त्याला काय कळतंय म्हणून. त्याला कळत होतं. लेकराला सगळं कळतं, फक्त विचारायचं कसं ते कळत नाही.

शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे. त्याच्या नावाशी आले की जरा थांबायचे, जीभ सावरायची म्हणून. पोरं तेवढ्यात "राक्षस हजर!" म्हणून ओरडायची. मी तेव्हा शाळा सोडून दगडाच्या खाणीवर जायला लागलो होतो. वाटेत त्याला रडत येताना बघितलं की मी पोरांना गाठायचो. त्यातल्या एकाला मी असा चोपला की त्याचा बाप माझ्या घरी भांडायला आला. माझ्या आईनं त्याला दारातच विचारलं, "माझ्या पोराचं नाव दगडू आहे. त्याला कुणी दगड म्हणलं तर तुम्ही हसता. मग नैऋतला राक्षस म्हणलं की राक्षस येणारच की वो धावून. आला का न्हाय माझा?" तो माणूस आल्या पावली परत गेला.

माझ्या नावाचं कुणाला नवल नव्हतं. माझ्या आधी आईची दोन पोरं गेली. मी झालो तेव्हा मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं पसाभर ज्वारी देऊन विकत घेतलं, आईनं परत मागून आणलं, नाक टोचलं आणि नाव ठेवलं दगडू. दगडाकडं कोण बघतंय? यम आला तरी म्हणेल, हा तर धोंडा, पुढं चला. गावात दगडू, धोंडू, केरबा अशी चिक्कार माणसं असायची आणि सगळ्यांना त्याचा अर्थ ठाऊक असायचा. नैऋतचं तसं नव्हतं. त्याचं नाव ना केरातलं ना देवातलं.

तो पाचवीत गेला तसं माई त्याला घेऊन औरंगाबादेत आल्या. शहागंजच्या मागं एक खोली भाड्यानं घेतली, पापड लाटले, शिवण शिवलं. दोन-तीन वर्षांनी मीही आलो, बांधकामावर. रविवारी माईकडं जेवायला जायचो. तिथंच त्यानं एकदा मला ते सांगितलं. त्याच्या हायस्कुलात संस्कृतचे एक गुरुजी होते, त्यांना त्यानं धीर करून नावाचा अर्थ विचारला होता. गुरुजी चांगले होते, हसले नाहीत. म्हणाले, आठ दिशांना आठ मालक असतात. पूर्व इंद्राची, आग्नेय अग्नीची, दक्षिण यमाची, पश्चिम वरुणाची, उत्तर कुबेराची, वायव्य वाऱ्याची, ईशान्य शंकराची. नैऋत्येला मात्र मालकीण आहे. तिचं नाव निर्ऋती. ऋत म्हणजे जगाची नीट चाललेली रीत, आणि ती मोडली की निर्ऋती. नाश, दळिद्र, मरण सगळं तिच्या हाताखाली. तिचा जो तो नैऋत, म्हणून राक्षसांनाही नैऋत म्हणतात. लोक मुलांना ईशान म्हणतात, पण नैऋत नाव मी पहिल्यांदाच ऐकतोय, असंही ते म्हणाले.

हे सांगताना नैऋत भिंतीला पाठ लावून बसला होता. "म्हणजे मी मोडतोडीचा पोरगा," तो म्हणाला. "बापानं पत्रिका बघितली असणार. हे कार्टं आपल्याला बुडवणार असं दिसलं असणार. म्हणून ठेवलं." मग त्यानं माईला सरळच विचारलं, "माई, माझ्या आधी कुणी झालं होतं का? मी दगडूसारखाच आहे का?" माईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि तिच्याकडंच बघत म्हणाल्या, "नाही. तूच पहिला. तूच शेवटचा. जेवा." नैऋतचा चेहरा पडला. त्या दिवशी त्याच्या हातातली शेवटची आशा गेली असं आता वाटतं. दगडूसारखा असता तर नाव म्हणजे पांघरूण झालं असतं. पहिलाच असला तर मग बापाचा राग.

आता मी जे सांगतो ते माईंनी मला एकट्याला सांगितलेलं आहे. चिकलठाण्याला कारखाने उभे राहायला लागले, मला पक्कं काम मिळणार होतं आणि नाव कागदावर चढणार होतं. तिथला मुनीम माझं नाव ऐकून हसला. "दगडू? क्या नाम है, पत्थर!" मला राग लई लवकर येतो. मी ठरवलं, दत्तात्रय लिहायचं. रविवारी माईंना सांगितलं. नैऋत क्लासला गेला होता. माई पापड लाटत होत्या, त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "दगडू, नाव बदलू नको," म्हणाल्या. "तुझ्या आईनं तुला झाकून ठेवलंय. उघडा पडू नको." मी म्हणालो, "माई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही पण मानता?" तेव्हा त्यांनी उठून दार लोटून घेतलं आणि सांगितलं. तुमच्या गावी येण्याआधी दुसऱ्या तालुक्यात होतो. तिथं दोन मुलगे झाले. एक पाच महिन्यांचा गेला, एक अकरा महिन्यांचा. त्यांची नावं देवांची होती, छान छान होती. तिसऱ्याच्या वेळी हे म्हणाले, धोंडू-दगडू सगळेच ठेवतात, त्या मरणाच्या बाईला आता ती युक्ती पाठ झाली असंल. आपण तिलाच मुलगा देऊन टाकू. तिच्याच नावाचा. आपलं लेकरू कुणी आपण होऊन उचलून नेतं का?

माई हे सांगताना रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की बारशाच्या आदल्या दिवशी हे बाळाला मांडीवर घेऊन बसले होते आणि त्याला सारखे विचारत होते, "राहशील ना? या खेपेला राहशील ना?" मग त्यांनी माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. "नैऋतला सांगायचं नाही. त्याच्या आधीच्यांचा आकडा त्याच्या कानावर गेला, की ते झाकण निघालं. तो असेपर्यंत सांगायचं नाही. माझी शपथ." मी शपथ घेतली. दत्तात्रय राहिला, दगडूच झालो कागदावर.

तुम्ही म्हणाल, अडाणीपणा. म्हणा. मी साठ वर्षं पाये भरले. पायातला दगड कसा बसलाय हे बघायला कुणी भिंत उपसत नाही. भिंत उभी आहे ना, मग बसलाय बरोबर. माझं डोकं असं चालतं आणि या वयात ते बदलायची माझी इच्छा नाही.

नैऋत मोजणी खात्यात लागला. साखळी घेऊन शेतं मोजायची, हद्दीच्या खुणा घालायच्या. माणूस असा काटेकोर की वीतभर वादाला चार चकरा मारायचा. त्याच्या नावाचं हसू तिथंही व्हायचंच. तो स्वतःच म्हणायचा, "मी कागदावर चतुःसीमा लिहितो. पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक. कोपऱ्यातल्या दिशा कुणी लिहीत नाही. बघ, कामाच्या ठिकाणी पण माझं नाव येत नाही." फक्त रेडिओवर नैऋत्य मोसमी वारे म्हणले की तो मान वर करायचा. बहात्तरच्या दुष्काळात तर खेड्यातले लोक त्याला धरायचे. "ओ नैऋतराव, तुमचा वारा कुठं अडकला? लाच पाहिजे का त्याला?" तो हसायचा. मला वाटतं, तेवढी दोन वर्षं त्याला आपल्या नावाचा फार त्रास झाला नाही.

लग्नाच्या वेळी मात्र झाला. तीन ठिकाणी पत्रिका जुळली आणि नावावर मोडलं. एका मुलीचा बाप म्हणाला, "नाव बदलून घ्या, उद्या साखरपुडा." नैऋत उठूनच आला. मी म्हणालो, "बदल की. तुला तर ते आवडत नाही." तो म्हणाला, "आवडत नाही. पण बापानं मला दुसरं काय दिलंय? छत्री पण चोरीला गेली." खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. चौथी मुलगी सुमनताई, आताच्या आमच्या वहिनी. बघायच्या कार्यक्रमात त्यांच्या मामानं नावाचा विषय काढला, तर त्या मान खाली घालूनच म्हणाल्या, "नाव काही असू दे मामा, मी कुठं हाक मारणार आहे?" सगळी बैठक हसली. लग्नात नाव घ्यायची वेळ आली. आम्हाला वाटलं, नैऋतशी यमक काय जुळवणार. वहिनींनी घास पुढं केला आणि घेतलं, "सात दिशांचे सात दिवे लावले मी अंगणात, आठवा दिवा मनात, नैऋतरावांचं नाव घेते भरल्या मांडवात." मी मागं उभा होतो. नैऋतच्या हातातला घास तसाच राहिला. आपलं नाव कुणी एवढ्या मायेनं घेतलेलं त्यानं पहिल्यांदा ऐकलं होतं.

माई गेल्या त्या वर्षी त्यानं मला पहिल्यांदा विचारलं. तेराव्याची माणसं गेली होती, आम्ही दोघं अंगणात. "दगड्या, माई तुझ्याशी मोकळं बोलायची. माझ्या नावाचं काही बोलली का कधी?" मी म्हणालो, "नाय." एवढंच. खोटं बोलायला मला फार शब्द लागत नाहीत.

दुसऱ्यांदा विचारलं ते मी त्याचं घर बांधत होतो तेव्हा. मुकुंदवाडीला, स्टेशनच्या अलीकडं, त्यानं प्लॉट घेतला. मजुरी घेणार नाही म्हणालो तर चार दिवस माझ्याशी बोलला नाही, मग घेतली. पाया भरताना मी दोरी लावली आणि त्याला सांगत होतो, की ईशान्येला पाणी, आग्नेयेला चूल, वायव्येला धान्य. तो विटांवर बसून ऐकत होता. "आणि माझ्या कोपऱ्यात?" म्हणाला. "जड जड सगळं तुझ्या कोपऱ्यात," मी म्हणालो. "घरातला सगळ्यात मोठा दगड तिथं बसवायचा. घरधनी पण तिथंच झोपतो. तो कोपरा उचलला की घर राहत नाही." तो उठला, त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. खड्ड्यात गुडघ्यापर्यंत. "म्हणजे बापानं काहीतरी चांगला विचार करूनही ठेवलं असंल, नाही का रे?" असं विचारलं. माझ्याकडं बघत होता. तोंडावर ऊन, डोळे बारीक केलेले. तेव्हा तो, बाप गेला त्या वयाच्याही पुढं गेलेला होता... आणि विचारत होता लेकरासारखं. मी म्हणालो, "ती थापी दे इकडं. मसाला वाळतोय." त्यानं थापी दिली. काम चालू झालं.

मला तेव्हा वाटलं, मी जिंकलो. जीभ घसरली नाही. माईंची शपथ पाळली. संध्याकाळी घरी गेल्यावर जेवण गेलं नाही, पण ते मी उन्हावर घातलं.

पुढची तीस-पस्तीस वर्षं त्यानं विषय काढला नाही. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, आम्ही दोघं म्हातारे झालो. मी हट्टी, तो काटेकोर, भांडणं भरपूर झाली. शहराच्या नव्या नावावरून झालं, मोबाइलवरून झालं, एकदा तर चहात साखर किती यावरून महिनाभर अबोला. नंतर एका सकाळी तो दारात उभा, "दगड्या, तुझंच बरोबर, दीड चमचा." आणि आत येऊन बसला. मी कुणापुढं वाकत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून दरवेळी तोच वाकायचा. हेही आता लिहिताना कळतंय.

गेल्या थंडीत त्याच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात ठेवलं, ऑपरेशन करायचं ठरलं. मी भेटायला गेलो तर वॉर्डातला एक पोऱ्या कागद घेऊन आला. "ये नैरुत कौन है? चाचा, ये क्या नाम हुआ? पहले कभी सुना नहीं." नैऋत उशीवरून म्हणाला, "दिशा का नाम है बेटा. जिधर से बारिश आती है." पोऱ्या खूश झाला. "अरे वा! फिर तो बरकतवाला नाम है." तो गेल्यावर नैऋत हसला. म्हणाला, "बघ, या पोराला एका मिनिटात पटलं. मला पंच्याहत्तर वर्षांत पटलं नाही." मग म्हणाला, "दगड्या, तुला ठाऊक आहे. माईनं तुला सांगितलंय. घराच्या पायात उभा होतो ना, तेव्हाच मला कळलं तुला ठाऊक आहे. तू थापी मागितलीस, आणि थापी तुझ्या हातातच होती. मी तुला दुसरी दिली."

आणि तरीही मी काय विचार केला सांगू? मी विचार केला, की उद्या याची छाती उघडणार आहेत. आज झाकण काढायचं? इतकी वर्षं ज्यानं त्याला राखलं ते आजच, या खाटेवर काढून टाकायचं? धडधाकट होता तेव्हा वाटलं, सांगायची गरज काय. आता आजारी आहे तर वाटलं, सांगायची ही वेळ नव्हे. मी म्हणालो, "घरी ये. मग बोलू." त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. बिगारी माणूस दिवसभर थांबून संध्याकाळी काम नाही म्हणल्यावर बघतो ना, तसं. "बरं," म्हणाला. "आता विचारत नाही." ऑपरेशन नीट झालं. घरीही आला. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा त्याला झोप लागलेली. तिसऱ्यांदा जायच्या आत वहिनींचा फोन आला.

दहाव्याला पैठणला गेलो, गोदावरीच्या घाटावर. मुलानं पिंड ठेवले आणि सगळे मागं सरलो. मला पक्कं ठाऊक होतं, कावळा शिवणार नाही. माणसाची इच्छा राहिली की कावळा लांबच बसतो, मग घरचे एकेक जण हात जोडून मोठ्यानं सांगतात, आम्ही आईला सांभाळू, आम्ही अमुक करू. मी ठरवून गेलो होतो. कावळा अडला की पुढं व्हायचं आणि सगळ्यांसमोर, भटजींसमोर, सांगून टाकायचं. आता तो नाही, शपथ सुटली. ओल्या पायांनी उभा राहून मी शब्द जुळवत होतो. "नैऱ्या, तुझ्या आधी दोन होते..." इथून सुरुवात करायची. आणि भटजी अजून मागं सरतायत तोवर कावळा आला. एक पण हाक मारावी लागली नाही. चोच घातली, घास उचलला, गेला. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. कुणीतरी म्हणालं, "सुटले. काही मागणं राहिलं नव्हतं त्यांचं." मी तिथंच उभा. माझ्या तोंडात ते शब्द तसेच. तो खरंच म्हणाला तसा वागला. आता विचारत नाही, म्हणाला होता... त्यानं विचारायचं सोडूनच दिलं होतं.

तीन आठवड्यांनी वहिनींनी बोलावलं. फोटो मोठा करून आणला होता. "भावजी, भिंत तुमची, खिळा तुम्हीच मारा." मी विचारलं, "कुठल्या भिंतीवर?" त्या म्हणाल्या, "त्यांची दिशा तुम्हाला मी सांगायची का?" त्यांच्या निजायच्या खोलीत, नैऋत्येच्या भिंतीवर. मी स्टुलावर चढलो. ती भिंत मी अशी बांधलेली आहे की खिळा वाकला, दुसरा वाकला. तिसरा घेऊन मी स्टुलावरच थांबलो, आणि भिंतीकडं तोंड करूनच वहिनींना सगळं सांगितलं. दोन मुलगे, मरणाची बाई, बारशाच्या आदल्या दिवशीची मांडी, माईंची शपथ. शेवटी असंही म्हणालो, की साठ वर्षं शपथ पाळली वहिनी, आणि माणूस पंच्याहत्तर वर्षं जगला. मला वाटत होतं त्या म्हणतील, धन्य तुमची.

वहिनी स्टूल धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "कारण नसतं सांगितलं तरी चाललं असतं हो भावजी. दोन होते, तीन होते, काही नसतं सांगितलं तरी चाललं असतं. पण 'तुझ्या बापाला तू हवा होतास'... एवढं त्यांना म्हणायला माईंनी कुठं मनाई केली होती?"

मी तिसरा खिळा भिंतीला टेकवला. शपथ मोडायची किंवा पाळायची, एवढंच मला आजवर दिसत होतं. मधे एवढी मोठी जागा होती, त्यातून बैलगाडी गेली असती, आणि मी गवंडी असून मला ती दिसली नाही.

खिळा बसला. फोटो लावला, दोरी सरळ केली, मागं सरून बघितलं, डावीकडं कणभर झुकला होता, तो नीट केला. मग मी वहिनी म्हणाल्या तेवढंच म्हणालो, पुटपुटल्यासारखं, काचेला तोंड लावून.

"मोठ्यानं म्हणा भावजी," वहिनी मागून म्हणाल्या. "शेवटी शेवटी कमी ऐकू यायचं त्यांना."

मग मी मोठ्यानं म्हणालो.